समन्वय नेमका कशाचा? नागपूरच्या दोन नोंदवह्या आणि एक केसपेपर



पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या आरोग्य क्षेत्रातल्या मुलामुलींच्या प्रपोजलमध्ये सध्या एक शब्द हमखास दिसतो, तो म्हणजे ‘इंटिग्रेशन’. आयुर्वेद आणि मॉडर्न मेडिसिनचं इंटिग्रेशन, हॉस्पिटलमध्ये आयुषचं इंटिग्रेशन वगैरे. मराठीत आपण त्याला ‘समन्वय’ म्हणतो. शब्द इतका गोड आहे की त्याला कोणी नाही म्हणत नाही. पण मुलाखतीत पॅनेलवरच्या कोणी विचारलं, "समन्वय म्हणजे नेमकं काय कशात मिसळायचं?", की बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

तर आज या प्रश्नाचा इतिहास बघू, आणि तोही आपल्या नागपूरपासून सुरू करून. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला ते तपासता येईल. गेल्या शंभरेक वर्षांत ‘समन्वय’ या एकाच शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी झाल्या : पदवीचा समन्वय, परवान्याचा समन्वय, औषधाचा समन्वय आणि इमारतीचा समन्वय. या चारही गोष्टी एकमेकींना न विचारता झाल्या. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्या पेशंटचा केसपेपर मात्र शेवटपर्यंत रांगेतच उभा राहिला.

शब्द पाटीवरच लिहिलाय

नागपुरात ‘मेडिकल’ म्हटलं की रिक्षावाला तुम्हाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सोडतो, आणि ‘मेयो’ म्हटलं की इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात. या मेडिकलच्याच परिसरात हनुमाननगर आहे. तिथे श्री आयुर्वेद महाविद्यालय आहे. ते चालवणाऱ्या संस्थेचं नाव बघा : भारतीय वैद्यक समन्वय समिती. आणि त्यांच्या रुग्णालयाचं नाव : पक्वासा समन्वय रुग्णालय. पक्वासा हे आडनाव जुन्या नागपूरकरांना मंगलदास पक्वासांमुळे ओळखीचं आहे. १९४७ ते १९५२ या काळात ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे (१९५० नंतर मध्य प्रदेशचे) राज्यपाल होते. तेव्हा राजधानी नागपूर होती.

म्हणजे ‘समन्वय’ हा काही जागतिक आरोग्य संघटनेच्या अलीकडच्या अहवालातून आलेला शब्द नाही. आपल्याकडे तो दवाखान्याच्या पाटीवर आहे. आणि पाटीवर हा शब्द लिहावासा वाटला, याचा अर्थ त्या काळात तो चर्चेतला, भांडणातला शब्द होता. ज्या गोष्टी आपोआप एकत्र नांदत असतात, त्यांच्या समन्वयासाठी कोणी समिती काढत नाही.

मग त्या वेगळ्या कधी झाल्या? इथे आपल्याला कायद्याच्या पुस्तकात जावं लागतं.

दोन नोंदवह्या

१९१२ साली मुंबई प्रांतात बॉम्बे मेडिकल ॲक्ट आला. आपल्याकडे मध्य प्रांतात तसाच कायदा १९१६ साली आला, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मेडिकल रजिस्ट्रेशन ॲक्ट. या कायद्यांनी डॉक्टरांची एक नोंदवही तयार केली. सरकारमान्य वैद्यकीय शिक्षण घेतलेल्यांचं नाव त्या वहीत. वैद्य, हकीम त्या वहीबाहेर.

आता वाटेल, वहीत नाव नाही तर नाही, काय बिघडलं? बिघडलं ते असं. नोंदणी झालेल्या डॉक्टरने नोंदणी नसलेल्या माणसाबरोबर व्यवसाय करणं, त्याला आपल्या नावाचा आडोसा देणं, हे गैरवर्तन धरलं जाई आणि त्यासाठी वहीतून नाव कमी होऊ शकत होतं. भोंदू लोकांना आळा बसावा हा नियमाचा हेतू. पण वहीबाहेरच्या सगळ्यांना एकच माप लागल्यामुळे दहा पिढ्यांचा वैद्यही त्याच रांगेत गेला. एखाद्या एल.एम.पी. डॉक्टरला शेजारच्या वैद्याशी एखाद्या रोग्याबद्दल उघडपणे सल्लामसलत करायची असती, तरी दहादा विचार करावा लागला असता. दोन शास्त्रांमधली भिंत आपण नेहमी ‘विचारसरणीचा फरक’ म्हणून समजावतो. तो फरक होताच, पण भिंतीच्या विटा बऱ्याचशा प्रशासकीय होत्या.

पुढे वैद्यांनीही आपली वही मागितली. मुंबई प्रांताने १९३८ साली बॉम्बे मेडिकल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट केला. आपल्याकडे सी.पी. अँड बेरार आयुर्वेदिक अँड युनानी प्रॅक्टिशनर्स ॲक्ट आला तो १९४७ चा. म्हणजे डॉक्टरांच्या वहीनंतर ३१ वर्षांनी वैद्य-हकिमांची वही. १९५१ साली होमिओपॅथीसाठी आणखी एक कायदा झाला.

आता एक कल्पना करा. समजा, महालात एका वैद्याचा दवाखाना आहे. १९४७ च्या कायद्याने त्याची नोंदणी झाली मध्य प्रांत-वऱ्हाडात. १९५० ला त्याच प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं. १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. १९६० ला महाराष्ट्र झाला. आणि १९६१ च्या महाराष्ट्र मेडिकल प्रॅक्टिशनर्स ॲक्टने पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ अशा तिन्हीकडचे जुने कायदे रद्द करून एकच वही केली. या माणसाने घर बदललं नाही, गादी बदलली नाही, खल-बत्ता तोच. पण चौदा वर्षांत त्याच्या व्यवसायाचं कायदेशीर छत्र अनेकदा बदललं. डॉक्टरांसाठी तसाच एकत्रित कायदा १९६५ साली आला.

इथे संशोधनाची एक छोटी युक्ती सांगते. कोणताही कायदा वाचताना शेवटाकडचं निरसनाचं, म्हणजे रिपीलचं कलम आधी वाचा. हा कायदा कोणकोणते जुने कायदे पुसून आला, हे तिथे लिहिलेलं असतं. आपल्या प्रदेशाचा विसरलेला इतिहास बहुतेक वेळा त्या तीन-चार ओळींत सापडतो.

एक लक्षात घ्या, वैद्यांना मान्यता मिळाली म्हणजे समन्वय झाला असं नाही. वैद्यांना वेगळी वही मिळाली. मान्यतेने भिंत पडली नाही. तिला दार बसलं, आणि दाराची किल्ली कोणाकडे यावरून पुढची पन्नास वर्षं वाद चालला.

एका डोक्यात दोन शास्त्रं

स्वातंत्र्याच्या तोंडावर दोन समित्या आल्या. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचायला हव्यात.

पहिली भोर समिती. १९४३ साली नेमली, अहवाल १९४६ चा. भारतीय सार्वजनिक आरोग्याचा पाया म्हणून आपण तो वाचतो. देशी वैद्यकाच्या बाबतीत समितीने मूल्यमापनाची जबाबदारी घेतली नाही, प्रांतांनी ठरवावं अशी भूमिका घेतली. पण तिची दुसरी एक शिफारस आपल्या विषयासाठी फार महत्त्वाची आहे. डॉक्टर एकाच दर्जाचा, विद्यापीठाची पदवी घेतलेला असावा; कमी मुदतीचा लायसेन्शिएट अभ्यासक्रम बंद करावा. नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमधून असेच एल.एम.पी. तयार होत. १९४७ ला नागपुरात मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि तो काळ संपत गेला. दर्जा वाढला, हे खरंच. पण गावात जाऊन बसणारा कमी खर्चाचा डॉक्टर तयार करणारी शाळाही त्याबरोबर गेली. ही रिकामी जागा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी चोप्रा समिती. १९४६ च्या डिसेंबरात नेमली, अहवाल १९४८ चा. अध्यक्ष कर्नल रामनाथ चोप्रा, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनचे औषधशास्त्रज्ञ. विज्ञान एकच असतं, पूर्वेचं-पश्चिमेचं वेगळं नसतं, त्यामुळे दोन्ही वैद्यकांचा संयोग करावा, अशी या समितीची दिशा होती. तो संयोग कुठे करायचा? शिक्षणात. म्हणजे एकाच विद्यार्थ्याला दोन्ही शास्त्रं शिकवायची.

असे ‘मिश्र’ अभ्यासक्रम देशभर चालले. मुंबई राज्यात जी.एफ.ए.एम. ही पदवी त्या वळणाची, तर डी.एस.ए.सी. या पदविकेच्या नावातच ‘शुद्ध’ हा शब्द होता. जुन्या दवाखान्यांच्या पाट्यांवर ही अक्षरं तुम्ही पाहिली असतील. त्या अक्षरांमागे मोठं भांडण आहे. मिश्रवाल्यांचं म्हणणं, आजचा वैद्य स्टेथोस्कोपशिवाय कसा चालेल? शुद्धवाल्यांचं म्हणणं, तुम्ही वैद्य तयार करत नाही आहात, अर्धाकच्चा डॉक्टर तयार करताय. पंडित शिव शर्मा हे शुद्ध बाजूचं देशभर गाजलेलं नाव.

निकाल कोणी लावला? बऱ्याच अंशी विद्यार्थ्यांनी. दोन्ही शास्त्रं शिकायची, आणि पगार नि हुद्दा मात्र एमबीबीएसपेक्षा खालचा. हे त्यांना मान्य नव्हतं. समान दर्जाची मागणी करत ते उठले. मद्रासचं कॉलेज ऑफ इंटिग्रेटेड मेडिसिन १९६० साली सरळ किलपॉक मेडिकल कॉलेज झालं. बनारस हिंदू विद्यापीठातल्या जुन्या आयुर्वेदिक कॉलेजचं त्याच सुमारास आधुनिक वैद्यकीय महाविद्यालयात रूपांतर झालं. १९५९ साली उडुपा समिती अजूनही मिश्र शिक्षणाच्या बाजूने बोलत होती, पण १९६३ साली गुजरातचे आरोग्यमंत्री मोहनलाल व्यास यांच्या समितीने शुद्ध आयुर्वेदाचा अभ्यासक्रम पुढे ठेवला. १९७० च्या इंडियन मेडिसिन सेंट्रल कौन्सिल ॲक्टने आयुर्वेद शिक्षण स्वतंत्र केंद्रीय परिषदेखाली गेलं, आणि त्यातून आजची बीएएमएस आली. त्यात चरक-सुश्रुतांबरोबर आधुनिक शरीररचना, निदान वगैरे आहेच. नाव शुद्धचं, आतलं ताट मिश्र.

इथे एक तुलना करा. चीनमध्ये १९५० च्या दशकात सरकारने आधुनिक पद्धतीने शिकलेल्या डॉक्टरांनाच पारंपरिक चिनी वैद्यक शिकायला पाठवलं. मोठे अभ्यासवर्ग काढले. आपल्याकडे प्रवास उलटा झाला. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याने मॉडर्न शिकायचं. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने आयुर्वेदाचं पुस्तक उघडायची गरज नाही. दार होतं, पण ते एकाच बाजूने उघडत होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांना एकमेकांच्या शास्त्राची मूलभूत ओळख असावी असं म्हटलंय. म्हणजे दुसऱ्या बाजूची कडी काढायची चर्चा सुरू व्हायला सत्तरेक वर्षं लागली.

परवान्याचा समन्वय

बीएएमएस झालेला तरुण गावात बसतो. समोर तापाने फणफणलेलं पोर येतं. तो ॲलोपॅथीची गोळी लिहू शकतो का? इथून समन्वयाचा तिसरा, खरं तर सगळ्यात गरम अध्याय सुरू होतो, तो कोर्टातला.

१९९२ साली महाराष्ट्र शासनाने १९६१ च्या कायद्याखाली अधिसूचना काढून ठरावीक आयुर्वेद पदवीधरांना, त्यांनी जेवढं प्रशिक्षण घेतलंय तेवढ्या मर्यादेत, मॉडर्न मेडिसिन वापरायची मुभा दिली. १९९६ साली मुंबईतून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्या पद्धतीचं शिक्षण नाही त्या पद्धतीची औषधं देणं हाच निष्काळजीपणा. तिथे डॉक्टर होमिओपॅथ होते, औषधं ॲलोपॅथीची होती, आणि रुग्णाचा मृत्यू झाला होता. मग १९९८ साली पंजाबातून आलेल्या खटल्यात न्यायालय म्हणालं, राज्याच्या कायद्याने तसा अधिकार दिला असेल तरच ॲलोपॅथीची औषधं लिहिता येतील. म्हणजे उत्तर राज्यागणिक वेगळं. २०१४ साली महाराष्ट्राने कायदा दुरुस्त करून, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स केलेल्या होमिओपॅथनाही मर्यादित मुभा दिली. इंडियन मेडिकल असोसिएशनने त्याला न्यायालयात आव्हान दिलं. २०२० च्या नोव्हेंबरात आयुर्वेदाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ५८ शस्त्रक्रियांची यादी जाहीर झाली, तेव्हा डिसेंबरात देशभर डॉक्टरांचा संप झाला.

या वादाच्या बातम्या वाचताना एक प्रश्न सोबत ठेवा : यात आयुर्वेदाच्या किंवा होमिओपॅथीच्या औषधाबद्दल कोणी काही बोलतंय का? जवळजवळ नाहीच. वाद आहे तो ॲलोपॅथीचं औषध कोणाच्या पेनातून उतरावं याचा. एकच मोजपट्टी, एकच औषधाचं दुकान, पेन कोणाचं एवढाच प्रश्न. याला आपण शास्त्रांचा समन्वय म्हणायचं का? मला तरी तो मनुष्यबळाचा प्रश्न वाटतो. भोर समितीनंतर रिकाम्या झालेल्या त्या जागेचा.

औषध आत, वैद्य बाहेर. मग वैद्य आत, औषध बाहेर

आता दोन गोष्टी समोरासमोर ठेवू.

पहिली सर्पगंधेची. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लिहिलं. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये उच्च रक्तदाबावरचे अनुभव प्रसिद्ध केले आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं. काही वर्षांतच ते रक्तदाबाच्या आणि मानसिक आजारांच्या दवाखान्यांत पोचलं. विज्ञानाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट, त्यात शंका नाही. पण बघा, इथे औषध आत आलं आणि वैद्य बाहेर राहिला. मुळी आली, ती कोणाला, किती, कशाबरोबर द्यायची हा वैद्याचा हिशेब आला नाही.

दुसरी गोष्ट आत्ताची. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि ‘आयुषला मुख्य प्रवाहात आणणं’ हे धोरण झालं. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय इथे एकाच छताखाली आयुषची ओपीडी. हा झाला इमारतीचा समन्वय. त्याच काळात आणि नंतर महाराष्ट्रात बीएएमएस डॉक्टर सगळीकडे दिसू लागले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘गट ब’चे वैद्यकीय अधिकारी म्हणून, २०१४ ला सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिकेत, आणि शाळा-अंगणवाड्यांत फिरणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांत. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. प्रत्येक पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता. काम काय? ० ते १८ वर्षांच्या मुलांमधले जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर शोधणं.

हे काम किती मोलाचं आहे ते गडचिरोलीच्या आतल्या गावात पथकाची गाडी पोचते तेव्हा कळतं. हृदयाला छिद्र असलेलं एखादं मूल वेळेत सापडणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पण संशोधक म्हणून प्रश्न विचारा : या कामात आयुर्वेद कुठे आहे? साडेपाच वर्षं नाडी, प्रकृती, द्रव्यगुण शिकलेल्या माणसाच्या त्या शिक्षणाचा इथे उपयोग होतो का? इथे वैद्य आत आला आणि त्याचं औषध बाहेर राहिलं. सर्पगंधेच्या बरोब्बर उलट.

दोन्ही गोष्टी सरकारी भाषेत ‘समन्वय’च आहेत. म्हणूनच प्रपोजलमध्ये नुसतं ‘इंटिग्रेशन’ लिहिलं तर पॅनेल भुवया उंचावतं.

मग जमलंय कुठे?

जमलंय. कमी ठिकाणी, पण जमलंय. आणि जिथे जमलं तिथे एक साम्य दिसतं.

क्षारसूत्र घ्या. भगंदरावरचा सुश्रुतांच्या परंपरेतला उपचार, औषधी लेप दिलेला दोरा. बनारसमध्ये त्याचं पुनरुज्जीवन झालं. मग भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, अनेक केंद्रांवर यादृच्छिक चाचणी घेतली. निकाल १९९१ साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये आला. क्षारसूत्राने जखम भरायला जास्त वेळ लागला, सुमारे ८ आठवडे, शस्त्रक्रियेने ४. पण आजार उलटण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के आणि शस्त्रक्रियेत ११ टक्के. हा निकाल कोणाच्या घोषणेला सोयीचा नाही, म्हणून मला तो आवडतो. एका बाजूचा विजय नाही; रुग्णाला विचारून ठरवता येईल असा हिशेब आहे. लवकर बरं व्हायचंय की पुन्हा उद्भवू नये असं हवंय?

दुसरं उदाहरण गुळवेलीचं, आणि त्याला दोन बाजू आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्तमार्ग अडल्यामुळे कावीळ झालेल्या, शस्त्रक्रियेला आलेल्या रुग्णांमध्ये गुळवेलीचा अभ्यास केला. औषधशास्त्रज्ञ, सर्जन, आयुर्वेदाचे जाणकार एकाच वॉर्डात, एकाच रुग्णाच्या कागदावर काम करत होते. प्रतिकारशक्ती आणि जंतुसंसर्ग या दृष्टीने आशादायक निकाल आले. मग २०२१ साल. कोविडच्या दिवसांत घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले. मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद शोधपत्रिकेत केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख नीट पटवली नव्हती, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जातही असू शकते, असं त्यांचं म्हणणं.

वेल तीच, शहरही तेच. पहिल्या वेळी वॉर्ड होता, मात्रा ठरलेली होती, तपासण्या होत्या, नोंदी होत्या. दुसऱ्या वेळी स्वयंपाकघर होतं आणि आजार झाल्यावर मागे जाऊन शोध. कोणती वेल, किती दिवस, आधीचा कोणता आजार, सोबत कोणती गोळी, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून वाद मिटेना. माहितीच नसेल तर दोन्ही बाजू आपापल्या विश्वासावर भांडतात.

शेवटी केसपेपर

तर साम्य हे आहे : जिथे दोन्ही शास्त्रांची माणसं एकाच रुग्णाच्या एकाच कागदावर लिहीत होती, तिथे समन्वय झाला. पदवी मिश्र असो वा शुद्ध, परवाना असो वा नसो, इमारत एक असो वा दोन.

आपल्याकडचा रोगी काय करतो बघा. सकाळी मेडिकलच्या ओपीडीतून मधुमेहाच्या गोळ्या घेतो, संध्याकाळी वैद्याकडून चूर्ण आणतो, आणि मधेच कोणीतरी सांगितलेला काढा पितो. तो स्वतःपुरता समन्वय कधीचाच करून बसलाय. फक्त तो डॉक्टरला चुर्णाचं सांगत नाही, कारण डॉक्टर रागावतील. वैद्याला गोळीचं सांगत नाही, कारण वैद्य नाराज होतील. या न सांगण्याची मुळं मला त्या १९१६ च्या वहीपर्यंत जाताना दिसतात. एकमेकांशी बोलणं जिथे डॉक्टरलाच अडचणीचं होतं, तिथे रोग्याने मोकळेपणाने बोलावं ही अपेक्षा कशी करायची? आणि याची किंमत साधी नाही. रक्तातली साखर अचानक उतरली किंवा यकृत सुजलं, तर कारण शोधायला कागदच नसतो.

तुमच्यापैकी कोणी या विषयावर काम करायचं म्हणत असेल, तर ‘समन्वय’ हा शब्द प्रपोजलमधून काढून त्या जागी चारपैकी एक शब्द लिहा : पदवी, परवाना, औषध की इमारत. मग तुमचा पुरावा कुठे आहे ते आपोआप कळेल. पदवी म्हटलं तर अभ्यासक्रम आणि समित्यांचे अहवाल. परवाना म्हटलं तर राजपत्र, विधिमंडळाची कार्यवाही आणि निकालपत्रं. आपल्या भागासाठी पुराभिलेखांच्या नागपूर कार्यालयात जायची तयारी ठेवा. औषध म्हटलं तर प्रयोगशाळा आणि चाचण्या. इमारत म्हटलं तर पदभरतीचे आदेश आणि ओपीडीचं रजिस्टर.

आणि ज्यांना सरळ रुग्णालयात बसून काम करायचंय, त्यांना अगदी साध्या तीन प्रश्नांपासून सुरुवात करता येईल. एकाच छताखालच्या दोन ओपीडींचा केसपेपर एक आहे की दोन? महिन्यात किती रुग्ण या दारातून त्या दारात लेखी चिठ्ठी देऊन पाठवले गेले, आणि उलट दिशेने किती? ‘दुसरं कोणतं औषध चालू आहे का’ हा रकाना छापलेला आहे का, आणि असला तर भरलेला आहे का?

यासाठी मोठी ग्रँट लागत नाही. एथिक्स कमिटीची परवानगी, अधीक्षकांचं पत्र आणि रजिस्टर उलटायची चिकाटी लागते. चोप्रा समितीपासून इथपर्यंत मोठ्या माणसांनी समन्वय असावा की नसावा यावर भरपूर लिहिलंय. तो रकाना किती वेळा भरला जातो, हे मोजण्याचं काम तुमच्यासारख्यांना करता येईल.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. पुढच्या पोस्टमध्ये जुनं राजपत्र कसं शोधायचं आणि कसं वाचायचं ते बघू.